पापणी नव्याने घडवताना डोळा बंद ठेवणं भाग आहे का?

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. तिच्या डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर, अगदी केसांच्या कडेला, दीड-दोन वर्षांपासून एक बारीक फोड होता. आम्ही रांजणवाडी समजून शेकत राहिलो, मलमं लावली. कधी खपली धरायची, कधी थोडं रक्त यायचं, मग बरं झाल्यासारखं वाटायचं. आता बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, निघाला आहे. डॉक्टर म्हणतात, गाठ काढल्यावर खालच्या पापणीचा अर्ध्याहून जास्त भाग जाईल. मग वरच्या पापणीचा आतला थर खाली आणून नवी पापणी करायची, त्यासाठी डोळा चार ते सहा आठवडे बंद ठेवायचा आणि नंतर दुसरी छोटी शस्त्रक्रिया करून उघडायचा. आई ऐकायला तयार नाही. ‘या वयात मला कोण बघणार आहे? गाठ कापा आणि सोडून द्या, चांगल्या पापणीला हात लावू नका,’ म्हणते. तिचा उजवा डोळा लहानपणापासून अधू आहे, सगळं ती डाव्यानेच बघते. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळीही चालू आहे. नुसती गाठ काढून टाके घातले तर चालणार नाही का? किरणोपचाराने किंवा गोळ्यांनी हे बरं होत नाही का?

उत्तर : आधी उजव्या डोळ्याबद्दल बोलू. पत्रात तुम्ही तो जाता जाता सांगितलाय, पण पुढचा सगळा बेत त्याच्यावर ठरणार आहे.

तुमच्या सर्जननी सुचवलेली शस्त्रक्रिया जुनी आणि भरवशाची आहे. वेंडेल ह्यूज या अमेरिकी नेत्रशल्यविशारदांनी ती १९३७ साली मांडली आणि खालच्या पापणीचा मोठा भाग गेला की आजही जगभरचे सर्जन तिच्याकडे वळतात. म्हणजे तुम्हाला चुकीचा सल्ला मिळालेला नाही. मात्र या पद्धतीत डोळा काही आठवडे झाकलेला राहतो, त्यातून पाहता येत नाही. दुसरा डोळा धडधाकट असेल तर माणूस तेवढे दिवस काढतो. दुसरा डोळा अधू असेल तर त्याच आठवड्यांत जिना उतरणं, औषधाच्या पट्टीवरचं नाव वाचणं, रात्री उठून मोरीपर्यंत जाणं, सगळंच अवघड होतं. उतारवयात अशा दिवसांत पडून हाड मोडणं ही पापणीपेक्षा मोठी आपत्ती ठरू शकते.

म्हणून पहिलं काम हे करा : सर्जनना फोन करून किंवा भेटून स्पष्ट सांगा की आईंचा हाच एक कामाचा डोळा आहे. केसपेपरवर दोन्ही डोळ्यांची नजर नोंदलेली असतेच. पण ‘लहानपणापासून अधू’ या नोंदीचा रोजच्या जगण्यात अर्थ काय, हे कागदावर उमटत नाही. घरी एक साधी चाचणी करून पाहा. डाव्या डोळ्यावर स्वच्छ रुमाल हलकेच धरा, दाबू नका, आणि आईंना ओळखीच्या खोलीत तुमचा हात धरून चालू द्या. समोर कोण उभं आहे ते कळतं का, कप उचलता येतो का, उंबरा दिसतो का? जे दिसेल ते जसंच्या तसं डॉक्टरांना सांगा. अधू डोळ्यालाही बऱ्याचदा घरात वावरण्यापुरती नजर असते, आणि तशी असेल तर सुचवलेली पद्धतही विचारात घेता येते. नसेल तर डोळा उघडा ठेवून पापणी घडवण्याच्या पद्धती आहेत. त्यांच्याकडे येतोच.

आता आईंचं म्हणणं. ‘गाठ कापा आणि सोडून द्या.’ त्यांची भीती मला समजते. चेहऱ्यावर सुरी चालणार, तीही डोळ्यापाशी, म्हटल्यावर कुणीही बिचकेल. पण गाठ काढून पापणीची जागा तशीच मोकळी सोडता येत नाही, आणि त्याचं कारण दिसण्यात नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, तो सतत ओला राहिला तरच स्वच्छ राहतो. उघडझाप करताना मोठी हालचाल वरची पापणी करते. पण तिला येऊन टेकायला खाली कड लागते. अश्रूंची बारीक धार खालच्या कडेवरच साठून राहते, आणि नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून जास्तीचं पाणी नाकात उतरतं. ही कडच नसेल तर झोपेतही डोळा पूर्ण मिटत नाही. कॉर्निया कोरडा पडतो, त्यावर जखम होते, जखमेत जंतू शिरतात, आणि वेळेवर सावरलं नाही तर ती आरपार जाऊन दृष्टी जाऊ शकते. आईंच्या बाबतीत हे त्यांच्या एकुलत्या चांगल्या डोळ्याला होईल. ‘मला कोण बघणार’ यापेक्षा त्यांना काय काय बघता येत राहील, हा प्रश्न आहे. त्यांच्याशी बोलताना एवढं एकच पटवून द्या.

सरळ टाके घालून भागत नाही का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. ते कळायला पापणीची रचना थोडी समजून घ्यायला हवी.

खालची पापणी नुसती कातडी नसते. तिचे दोन थर असतात. बाहेरच्या थरात अतिशय पातळ त्वचा आणि तिच्याखाली डोळा मिटणारा स्नायू. आतल्या थरात टार्सस नावाची घट्ट, लवचीक पट्टी आणि तिला चिकटलेलं गुळगुळीत गुलाबी अस्तर, जे डोळ्यावर घासत राहतं पण टोचत नाही. ही सगळी पापणी झोळीसारखी दोन टोकांना बांधलेली असते. एक टोक नाकाच्या बाजूच्या हाडाला, दुसरं कानशिलाच्या बाजूच्या हाडाला. दोन्ही बंध ताठ असले तर पापणी डोळ्याला चिकटून राहते. एखादा सैल झाला किंवा मधली लांबी बिघडली की ती लोंबते, बाहेर उलटते किंवा आत वळते.

पापणीची आडवी लांबी साधारण ३० मिलिमीटर. त्यातला चौथा हिस्सा गेला तर दोन्ही कडा जवळ आणून थेट शिवता येतं. वयाबरोबर पापणी सैल होते, म्हणून आईंच्या वयात एकतृतीयांशापर्यंतही ते जमतं. आणखी थोडी ओढ हवी असेल तर कानशिलाच्या बाजूच्या बंधाची खालची फांदी सोडवतात, मग काही मिलिमीटर जागा मिळते. निम्म्याच्या आसपास भाग गेला असेल तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यालगतची त्वचा आणि स्नायू अर्धगोलात कापून आत सरकवतात. टेंझेल यांनी १९७५ मध्ये वर्णन केलेली ही पद्धत आहे आणि तिच्यात डोळा बंद ठेवावा लागत नाही. पण तिच्यासाठी पापणीचा थोडा तरी चांगला भाग शिल्लक असावा लागतो. अर्ध्याहून बरंच जास्त गेलं असताना कडा ओढूनताणून शिवल्या तर दोनच गोष्टी घडतात. टाके सुटतात, किंवा पापणी डोळ्यावर ताणून बसते आणि काही महिन्यांत खाली खेचली जाते. तुमच्या सर्जननी ‘सरळ टाके’ म्हटलं नाही ते याचमुळे.

मग वरच्या पापणीलाच हात का? कारण खालच्या पापणीच्या आतल्या थरासारखी दुसरी वस्तू शरीरात फक्त वरच्या पापणीत आहे. वरचा टार्सस सुमारे १० मिलिमीटर उंच असतो, खालचा जेमतेम ४ ते ५. वरच्याला देण्यासारखं शिल्लक आहे. सर्जन पापणीच्या कडेपासून सुमारे ४ मिलिमीटर टार्सस जागेवरच ठेवतात, म्हणजे वरची कड आणि तिचे केस यांना धक्का लागत नाही, आणि त्याच्या वरची पट्टी अस्तरासकट खाली आणतात. आईंना हे सांगा. वरची पापणी बाहेरून कापली जात नाही, आतून तिचा काही भाग उसना घेतला जातो. कधीकधी नंतर ती किंचित वर ओढल्यासारखी राहते. खाली आणलेली पट्टी नंतर वरच्या पापणीपासून सोडवताना काळजी घेतली तर हे बहुतेक टळतं, आणि राहिलंच तर दुरुस्त करता येतं.

डोळा बंद राहण्याचं कारणही इथेच आहे. शरीराच्या एका जागेवरून उचलून दुसरीकडे लावलेल्या तुकड्याला नव्या जागी रक्त मिळावं लागतं. दोन्ही थर सुटे करून एकावर एक ठेवले तर दोघांनाही रक्त मिळत नाही आणि ते मरतात. पापणीच्या पुनर्रचनेतला हा न मोडण्याचा नियम आहे : दोनपैकी एक तरी थर स्वतःच्या रक्तवाहिन्या घेऊन आला पाहिजे. ह्यूज यांच्या पद्धतीत आतला थर वरच्या पापणीला जोडलेलाच राहतो आणि त्या जोडातून त्याला रक्त येतं. बाहेरून कानामागची किंवा दुसऱ्या पापणीवरची त्वचा लावतात. खालच्या जागेतून नवा रक्तपुरवठा सुरू झाला की मधला जोड कापायचा. पूर्वापार चालत आलेली मुदत चार ते सहा आठवडे अशी आहे. काही सर्जन दोन-तीन आठवड्यांतही जोड सोडवतात आणि पापणी नीट टिकते. म्हणजे ह्यूज यांचीच पद्धत ठरली तरी ‘मुदत किती कमी करता येईल?’ हे विचारायला संकोचू नका.

डोळा उघडा ठेवायचा तर नियम तोच, फक्त रक्त आणणारा थर बदलायचा. आतला थर सुटा लावायचा आणि बाहेरचा थर शेजारून, आपल्या रक्तवाहिन्यांसकट सरकवून आणायचा. आतल्या थरासाठी सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे दुसऱ्या डोळ्याच्या वरच्या पापणीतली टार्ससची पट्टी. आईंचा उजवा डोळा इथे कामाला येऊ शकतो. त्याच्याही वरच्या पापणीची कड शाबूत ठेवूनच पट्टी काढतात. बाहेरून वरच्या पापणीची सैल त्वचा आणि स्नायू पट्टीसारखा खाली वळवतात, किंवा गालावरची त्वचा वर सरकवतात. वयामुळे वरच्या पापणीवर जास्तीची त्वचा लोंबत असेल तर इथे तिचा उपयोगच होतो. एकाच वेळी सगळं पुरं होतं आणि सूज ओसरली की आई त्या डोळ्याने पाहू शकतात. आतल्या थरासाठी टाळूचं अस्तर किंवा कानातली कूर्चाही वापरतात. टाळूची जखम काही दिवस खाताना दुखते. कानाच्या कूर्चेला स्वतःचं ओलं अस्तर नसल्याने ते वर चढेपर्यंत डोळ्याला खुपू शकतं.

संपूर्ण खालची पापणी गेली असेल तर गालाची मोठी त्वचा फिरवून वर आणण्याची पद्धत आहे, मुस्तार्दे या स्कॉटिश सर्जनच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्यातही डोळा उघडा राहतो, मात्र गालावर लांब टाका येतो, आणि गाल जड असल्याने तो नवी पापणी खाली ओढतो. म्हणून बाहेरच्या कोपऱ्याला हाडाच्या आवरणाशी घट्ट टाका घेणं तिथे फार महत्त्वाचं.

माझं मत विचाराल तर, आईंची उजवी नजर घरात वावरण्यापुरतीही नसेल तर मी आधी उजव्या वरच्या पापणीतून टार्सस आणि शेजारची त्वचा-स्नायू, या मार्गाचा विचार करीन. तो जमत नसेल तर लवकर जोड सोडवण्याच्या बोलीवर ह्यूज. पण मी आईंची पापणी पाहिलेली नाही. त्वचा किती सैल आहे, गाठ नाकाच्या कोपऱ्यापर्यंत गेली आहे का, हे हाताने चाचपल्याशिवाय कळत नाही. तुमच्या सर्जननी वेगळं काही सांगितलं आणि कारण दिलं, तर त्यांच्या कारणाला माझ्या मतापेक्षा जास्त वजन द्या. या कामाचा सराव असलेल्या ऑक्युलोप्लास्टिक सर्जनकडून दुसरं मत घेतलं तरी त्यात कुणाचा अपमान नाही.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मागे पडता कामा नये, आणि मला वाटतं तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. पापणी कशी घडवायची हा दुसरा प्रश्न. गाठ पूर्ण निघाली का, हा पहिला.

बेसल सेल कार्सिनोमा हा पापणीवर सगळ्यात जास्त आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक, आणि खालची पापणी ही त्याची नेहमीची जागा. तो शरीरात दूरवर पसरणं अगदी विरळ असतं. ‘कर्करोग’ हा शब्द ऐकून आईंची झोप उडाली असेल तर त्यांना हे जरूर सांगा. पण जागच्या जागी तो हळूहळू पोखरत जातो. डोळ्याला दिसते त्याहून त्याची मुळं त्वचेखाली लांब गेलेली असू शकतात. अर्धवट निघाला तर काही वर्षांनी पुन्हा उगवतो, आणि तेव्हा तो नव्या पापणीच्या मागे, खोबणीच्या दिशेने वाढत असतो, जिथे लवकर दिसतही नाही. म्हणून काढलेल्या तुकड्याच्या कडा मोकळ्या आहेत हे पॅथॉलॉजिस्टनी सांगितल्यावरच पापणी घडवायला घ्यावी. हे दोन प्रकारे होतं. एक, शस्त्रक्रिया चालू असतानाच कडांचे तुकडे गोठवून तपासतात, त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. दुसरी मोहस् पद्धत, फ्रेडरिक मोहस् यांनी १९३० च्या दशकात सुरू केलेली. तिच्यात एकेक पातळ थर काढून त्याची पूर्ण कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि जिथे पेशी उरल्या असतील तिथलाच पुढचा थर काढतात. त्यामुळे चांगला भाग कमीत कमी जातो. पापणीसारख्या जागी, जिथे एकेक मिलिमीटर मोलाचा, तिथे याचा फार उपयोग आहे.

या दोन्ही सोयी नसतील तर गाठ काढून, डोळ्याला मलम आणि झाकण देऊन, पक्का रिपोर्ट आल्यावर काही दिवसांनी पापणी घडवता येते. कॉर्निया ओला ठेवला तर एवढं थांबल्याने नुकसान होत नाही. आणि हेही लक्षात ठेवा : ‘अर्ध्याहून जास्त’ हा सर्जनचा अंदाज आहे. खरी लांबी गाठ निघाल्यावरच कळते. कधी अपेक्षेपेक्षा कमी जातं आणि सोप्या पद्धतीत भागतं, कधी जास्त जातं. म्हणून एकाच बेताला संमती देऊ नका. ‘इतकं गेलं तर हे, तितकं गेलं तर ते’ असं आधीच बोलून घ्या आणि संमतीपत्रावर तसंच लिहून घ्या.

किरणोपचाराने ही गाठ बरी होऊ शकते, नाही असं नाही. शस्त्रक्रिया सोसणारच नाही अशा रुग्णाला तो दिलाही जातो. पण त्यात कडा मोकळ्या झाल्या का हे तपासता येत नाही. पापणीचे केस जातात, डोळा कायमचा कोरडा पडू शकतो, त्वचा आकसून पापणी उलटू शकते, आणि गाठ पुन्हा आली तर किरण दिलेल्या त्वचेवर शस्त्रक्रिया करणं कठीण होतं. एकच डोळा कामाचा असताना मी तिकडे सहजासहजी वळणार नाही. गोळ्यांचं म्हणाल तर व्हिस्मोडेजिब नावाचं औषध आहे, २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते फार पसरलेल्या, शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर गेलेल्या गाठींसाठी आहे. स्नायूंत पेटके येणं, तोंडाची चव जाणं, केस गळणं हे त्रास त्यात नेहमीचे आहेत. आईंची गाठ त्या टप्प्याला पोचलेली नाही.

तुम्ही दीड-दोन वर्षं रांजणवाडी समजून शेकत राहिलात याचं ओझं मनावर घेऊ नका. या गाठी खरंच तशाच दिसतात. पण हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो. पापणीवरची गाठ त्याच जागी पुन्हा पुन्हा येत असेल, खपली पडून पुन्हा रक्त येत असेल, तिच्या कडा मोत्यासारख्या चमकदार आणि उचललेल्या दिसत असतील किंवा तिथले पापणीचे केस गळले असतील, तर शेक थांबवा आणि बायोप्सी करा. तेलग्रंथींचा एक कर्करोग तर हुबेहूब रांजणवाडीसारखा किंवा पापणीच्या जुन्या सुजेसारखा वागतो, आणि तो बेसल सेलपेक्षा कितीतरी घातक असतो. केस गळणं ही त्यातली सगळ्यात सोपी खूण, आरशातही दिसते.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. पापणीतून रक्त आलं तर ते बहुतेक वेळा आवरता येतं. गोळी थांबवल्यामुळे हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर ते आवरणं अवघड. गोळीचं नाव आणि मात्रा लिहून सर्जनना द्या, आणि चालू ठेवायची की किती दिवस थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांनी आणि सर्जननी मिळून ठरवू द्या. घरातल्या इतर गोळ्याही सांगा, विशेषतः अंगदुखीच्या. त्यातल्या काहींनी रक्त जास्त वाहतं. आई तंबाखू कुठल्याही रूपात घेत असतील तर ती आत्ताच थांबवायला हवी, कारण तिने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि सरकवलेल्या त्वचेचा जीव त्यांच्यावरच असतो. भूल बहुधा जागेपुरती, सोबत गुंगीचं औषध. पूर्ण भूल लागेलच असं नाही, आणि हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला हा दिलासाच आहे.

नवी पापणी कशी दिसेल, याबद्दल आईंना खरं सांगा, गोड करून नको. तिला केस नसतील. पहिले काही आठवडे कड लाल, जाडसर आणि सुजलेली दिसेल. बाहेरून लावलेल्या त्वचेचा रंग थोडा वेगळा असेल, तो महिनोन् महिने जुळत जातो. पहिले दोन दिवस सर्जन सांगतील तसा थंड शेक, उशी उंच, खाली वाकणं आणि जड उचलणं बंद. त्वचेचा तुकडा लावला असेल तर त्याच्यावर घट्ट गादी बांधलेली असते. ती साधारण आठवडाभर हलवू नये, कारण तुकडा खालच्या जागेला चिकटूनच जगतो. डोळा पुसायचा तर खाली ओढून नाही, नाकाच्या दिशेने वर टिपायचा. ही सवय पुढेही ठेवावी. पापणी सतत खाली ओढून पुसल्याने तिचे बंध सैल होतात.

डोळ्यात किंवा डोळ्यामागे जोराची कळ येऊन वाढत गेली, सूज झपाट्याने दगडासारखी घट्ट झाली, ताजं रक्त थांबेना, किंवा उघड्या डोळ्याला दिसणं कमी झालं, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री कितीही वाजता तसंच हॉस्पिटलमध्ये न्या. डोळ्यामागे रक्त साठलं तर दृष्टी वाचवायला तास मोजके असतात. हे क्वचितच घडतं, पण घडलं तर ओळखता यायला हवं. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा आणि सर्जनचा रात्रीचा नंबर आधीच मागून घ्या.

पहिल्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी पापणी थोडी खाली आली किंवा बाहेर वळली, डोळ्यातून पाणी येऊ लागलं, तर सगळं फसलं असं समजू नका. जखम भरताना आकसते, हा तिचा स्वभाव आहे. सर्जननी परवानगी दिल्यावर पापणीला वरच्या दिशेने मालिश केल्याने बरंच सुधारतं. न सुधारल्यास कारण पाहून उपाय ठरतो. बाहेरचा बंध सैल असेल तर टार्ससचं टोक कापून, ताणून हाडाच्या आवरणाला शिवतात. अँडरसन आणि गॉर्डी यांनी १९७९ मध्ये सांगितलेली ही छोटी शस्त्रक्रिया वयामुळे उलटलेल्या पापणीसाठीही सर्रास करतात. त्वचाच कमी पडत असेल तर नुसतं ताणून उपयोग नाही, तिथे पूर्ण जाडीची त्वचा घालावी लागते. पातळ सोललेली त्वचा पुन्हा आकसते, म्हणून पापणीला ती शक्यतो वापरत नाहीत. कड आत वळून बारीक लव कॉर्नियाला घासत असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. गाठीबरोबर पाणी निचरणारं खालचं छिद्र गेलं असेल तर डोळा वाऱ्यात पाणावू शकतो, पण वरचं छिद्र शाबूत असल्यास बऱ्याच जणांचं भागतं.

आईंना पुढच्या भेटीला सोबत न्या आणि डॉक्टरांशी त्यांनाच बोलू द्या. आपण मुलं प्रेमाने मध्ये पडतो, आई-वडिलांचे प्रश्न आपणच विचारतो, आणि मग त्यांना वाटतं की आपल्या डोळ्याचा निर्णय दुसरं कुणीतरी घेतंय. त्यांना सर्जनच्या हातातलं चित्र पाहू द्या, वरची पापणी कुठून कापणार ते बोट ठेवून विचारू द्या. अशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे आधीचे आणि नंतरचे फोटो बहुतेक सर्जनकडे असतात, ते दाखवायला सांगा. विचार करायला आठ-पंधरा दिवस लागले तर या गाठीच्या संथ चालीत तेवढ्याने फरक पडत नाही. महिनोन् महिने मात्र लांबवू नका. आज अर्धी पापणी जाणार आहे, उद्या गाठ नाकाच्या कोपऱ्यात शिरली तर तिथली शस्त्रक्रिया याहून अवघड असते.

आणि सगळं नीट पार पडल्यावर तपासण्या सोडू नका. सुरुवातीला काही महिन्यांच्या अंतराने, मग दरवर्षी, निदान पाच वर्षं तरी. ज्याला एकदा ही गाठ झाली त्याला त्वचेवर दुसरीकडे ती होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. त्या भेटीत नाक, कान, कपाळ, मानेचा मागचा भाग हेही बघून घ्यायला सांगा, आणि कुठेही महिनाभर न भरणारी बारीक जखम दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा.